दाढेतला स्क्रू

आजही पोळीचा घास दाताखाली जरा वेगळा लागला की मी चावणं थांबवतो, आणि ती घटना आठवते. बायको म्हणते, "खात्यातून निवृत्त झालात, पण घासाची चौकशी काही सुटत नाही तुमची." म्हणू दे. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, सख्ख्या भावांना एकमेकांची डोकी फोडताना पाहिलं. पण ज्या वस्तूनं माझी सगळ्यांत जास्त शिकवणी घेतली ती गव्हाच्या दाण्याएवढी होती. खटला अजून चालू आहे, त्यामुळे नावं कुणाचीच लिहीत नाही.

तेव्हा मी इंदूरच्या मध्यवस्तीतल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. आमच्याकडे या पदाला सगळे टीआय म्हणतात. सकाळची हजेरी संपत आली होती, मी एका शिपायाला न घासलेल्या बुटांवरून झापत होतो, तेवढ्यात पस्तिशीच्या एक बाई सरळ माझ्या खोलीत शिरल्या. विमा कंपनीच्या कचेरीत नोकरी करणाऱ्या, गळ्यात अजून ओळखपत्र होतं. त्यांनी इस्पितळाची एक छोटी प्लास्टिकची डबी टेबलावर ठेवली. आत एक दाढ होती, पांढरीशुभ्र, आणि तिच्या बुडातून तुटक्या स्क्रूचं टोक बाहेर आलेलं.

"हे माझ्या बाबांच्या श्वासनळीतून काढलंय," त्या म्हणाल्या.

बाबा म्हणजे इंदूरजवळच्या महू छावणीतले एक निवृत्त सुभेदार. पाच महिन्यांपूर्वी त्यांनी स्नेहलतागंजमधल्या एका दवाखान्यात दोन दाढा बसवून घेतल्या होत्या, एक डावीकडे, एक उजवीकडे. जबड्याच्या हाडात धातूचं मूळ रोवतात, त्यावर बारीक स्क्रूनं दाढ कसतात, त्याला इम्प्लांट म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. चार दिवसांपूर्वी जेवताना डावी दाढ निखळली, सुभेदारांना ठसका लागला आणि दाढ श्वासनळीत गेली. इस्पितळात नळी घालून काढली म्हणून ते वाचले. कडक काही खाल्लं नव्हतं. साधी तुपाची पोळी होती.

"त्या डॉक्टरणीला आत टाका साहेब. तुम्ही महूचे, आपले माणूस. तुम्ही नाही करणार तर कोण करणार?"

मी महूचा हे खरं होतं. माझे आजोबा आणि या बाईंचे आजोबा एकाच पलटणीत होते, दोन्ही घरं एकाच वस्तीतली. लहानपणी सुभेदारसाहेब रस्त्यात दिसले की आम्ही पोरं खेळ थांबवून जय भीम करायचो. अशा माणसाला पोळी खाताना मरण दिसावं याचा मला संताप आला, आणि तो संताप घेऊनच मी तपासाला लागलो. ही माझी पहिली चूक.

डॉक्टरवर निष्काळजीपणाचा गुन्हा असा उठून नोंदवता येत नाही. आधी तज्ज्ञांचं मत मागवावं लागतं. म्हणून अर्जाची रोजनाम्यात नोंद केली, सरकारी तज्ज्ञ समितीला पत्र धाडलं आणि हेड कॉन्स्टेबलला बरोबर घेऊन दवाखाना गाठला. या हेडसाहेबांची नोकरी माझ्याहून जुनी. बोलायचे कमी, ऐकायचे जास्त.

दवाखाना पहिल्या मजल्यावर होता. नातेवाइकांनी आदल्या दिवशी तिथं दंगा केला होता, दारावरची काच फुटली होती. आत एकही रुग्ण नव्हता. डॉक्टर तिशीच्या, मराठवाड्यातून इंदूरला शिकायला आलेल्या आणि इथंच दवाखाना टाकलेल्या. फुटक्या काचा स्वतः गोळा करत होत्या. मी बसलोही नाही.

"स्क्रू किती जोरात कसला होता?"

"ठरवून दिलंय तेवढाच, सर. हा पाना बघा. ठरलेला जोर झाला की हा आपोआप सुटतो, त्यापुढे कसताच येत नाही."

"आणि त्या दिवशी हाच वापरला होता याला पुरावा?"

त्यांनी पाना खाली ठेवला. पुरावा कुठून असणार? मला वाटलं, सापडली. खालच्या स्टेशनरीवाल्याला पंच म्हणून बोलावलं, पाना, रुग्णांची वही आणि कपाटातली इम्प्लांटची सीलबंद पाकिटं जप्त केली. सगळं कसं कायद्याला धरून.

माल सदोष आहे की हात, हे ठरवायला मजबुतीची चाचणी करायची होती. शहरातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात तसं यंत्र आहे असं कळलं. तिथले प्रयोगशाळाप्रमुख पक्के इंदोरी मराठी. वाक्याची सुरुवात कुठल्याही भाषेत करायचे, शेवट मात्र मराठीत.

"टीआयसाहब, दाढेवर जोर सरळ नाही पडत, तिरछा पडतो," ते म्हणाले. "म्हणून आपण पीस तीस डिग्री तिरका पकडायचा. वरून थोडी गर्दन उघडी सोडायची, जैसे के हाड घिसून खाली गेलंय. मग दाबायचं, सोडायचं, दाबायचं, सोडायचं. पन्नास लाख वेळा."

"पन्नास लाख?"

"भिया, माणूस रोज जेवतो ना! मशीनला जेवायला लावायचं म्हणजे तेवढं तो चलेगाच."

यंत्र म्हणजे एक जाड लोखंडी चौकट होती. खाली पितळी पकडीत इम्प्लांट आवळलेलं, वर एक दांडा, सेकंदाला पंधरा वेळा दाबणारा. टकटक न करता तो नुसता गुणगुणायचा. पन्नास लाख व्हायला चार दिवस लागणार होते. मी रोज ठाण्यातून फोन करायचो आणि रोज तेच उत्तर यायचं, "जेवतोय अजून." पाचव्या दिवशी अहवाल आला. जप्त केलेले नमुने पन्नास लाख वेळा दाबूनही शाबूत होते, कुठं चीरही नव्हती. पानाही बिनचूक निघाला.

त्याच आठवड्यात समितीचं मत आलं. स्क्रू प्रमाणाबाहेर कसला गेल्यामुळे तुटला असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असं त्यात लिहिलं होतं. सरकारी भाषेत हे वाक्य बचावाचं असतं, पण पोलिसाच्या हातात पडलं की त्याची बेडी होते. माल चांगला, मग दोष हाताचा. मी डॉक्टरांना ठाण्यात बोलावलं. गुन्हा नोंदवला तर त्यांची नोंदणी जाणार, दवाखाना जाणार, आणि तोंडातली दाढ श्वासनळीत घालणारी डॉक्टर म्हणून त्या जन्मभर ओळखल्या जाणार, हे मलाही ठाऊक होतं आणि त्यांनाही.

त्या आल्या, समोर बसल्या. रडतील, वकिलाचं नाव घेतील, असं मला वाटलं होतं. त्यांनी पर्समधून एक कागद काढला.

"सर, अटक करायची तर करा. फक्त आधी चार दिवस द्या. या अकरा लोकांना बोलावून मला त्यांचे स्क्रू काढायचेत."

"कसले अकरा लोक?"

"ज्यांच्या तोंडात तसाच स्क्रू आहे ते. त्यातले एक तुमचे सुभेदारसाहेब. त्यांची उजवी दाढ अजून तोंडातच आहे. मी त्यांच्या मुलीला तीन वेळा फोन केला, त्या कापून टाकतात. दुसरे डॉक्टर पोलीस केस म्हटल्यावर हात लावायला तयार नाहीत."

"पण माल तर चाचणीत पास झालाय!"

"चाचणीत कोणता स्क्रू लावला होता?"

"पाकिटातला."

"तोंडातला पाकिटातला नव्हता, सर."

मी टेबलावर हात आपटला. "आणि हे आत्ता सांगताय?"

"तुम्ही विचारलंच नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही विचारलंत किती जोरात कसला."

समोरच्याला दोषी धरून विचारलेल्या प्रश्नाला फक्त दोषापुरतंच उत्तर मिळतं, हे मी नव्या फौजदारांना किती वेळा सांगितलं होतं, आणि स्वतः तेच करून बसलो होतो.

मग त्यांनी नीट सांगितलं. दाढ पक्की बसवण्याआधी ती दोन-चार वेळा घालून, काढून, घासून बघावी लागते. प्रत्येक वेळी स्क्रू कसला जातो, सैल केला जातो. असा वापरलेला स्क्रू शेवटच्या बसवणीला लावायचा नाही, कोरा लावायचा, ही त्यांची शिस्त. त्यासाठी जादा स्क्रू त्या दातांच्या सामानाच्या एका एजंटाकडून घ्यायच्या. वर कंपनीचीच छापील पुडी असायची. पाकिटातला खरा स्क्रू त्या चाचपणीत वापरून फेकून द्यायच्या आणि कोऱ्या पुडीतला कायमचा बसवायच्या. म्हणजे आळशी डॉक्टर असत्या तर सुभेदारांच्या तोंडात खरा स्क्रू राहिला असता. काळजी घेतली म्हणून घात झाला होता.

"त्या पुड्या आहेत?"

"चार आहेत. खणात. तुम्ही त्या खणाकडे बघितलं नाही."

हेडसाहेब खिडकीबाहेर बघत होते, पण त्यांच्या मिशीखाली काय चाललंय ते मला दिसत होतं.

चारही पुड्या पंचांसमक्ष सील करून मी स्वतः महाविद्यालयात घेऊन गेलो. सकाळी अकराला त्यातला पहिला स्क्रू यंत्रात चढला. मी स्टूल ओढून शेजारीच बसलो. डॉक्टरही आल्या होत्या, दाराजवळ उभ्या होत्या, बस म्हटलं तरी बसेनात. आकडा चढत होता. पन्नास हजार, सत्तर हजार, लाख. मला आठवतं, मनातल्या मनात मी "तूट, तूट" म्हणत होतो. परवापरवापर्यंत ज्या बाईला आत टाकायला निघालो होतो, तिच्यासाठी मी धातूच्या एका तुकड्याची मनधरणी करत होतो. दुपारी दोनच्या सुमारास यंत्राची गुणगुण एकदम थांबली. दाढेच्या जागी बसवलेला धातूचा गोळा तिरपा झाला होता. दीड लाखाच्या आसपास खेळ संपला होता.

डॉक्टर तेव्हा कुठं खाली बसल्या.

प्रयोगशाळाप्रमुखांनी तुटका स्क्रू सूक्ष्मदर्शकाखाली धरला, शेजारी पाकिटातला खरा ठेवला आणि मला बघायला लावलं. खऱ्या स्क्रूचं डोकं जिथं दांडीला मिळतं तिथं बारीक गोलाई होती. दुसऱ्याला तिथं काटकोनात कापलेला तीक्ष्ण कोपरा होता. तुटला होता तो बरोबर तिथंच.

"शॅम्पूच्या पुडीला कोपऱ्यात काप असतो ना, पुडी तिथूनच फाटते," ते म्हणाले. "सेम केस. हा कोना नाही साहब, इथं तुटायची जागा बनवून दिली आहे. धातूही वेगळा आहे, स्टीलचा. पण एक बात बोलू? काम मास्टरचं आहे. हे कारखान्यात नाही बनलं, हे लेथवर हातानं काढलंय. असा हात इंदूरमध्ये दोघा-तिघांचा असेल."

एजंटाला बोलावलं. गुळगुळीत माणूस. हात जोडून म्हणाला, "साहब, मैं तो डिब्बा इधर से उधर करता हूँ. कंपनी का माल है, कंपनी जाने." कंपनीनं कळवलं की पुडीवरचा क्रमांक आमचा नाहीच. एजंट म्हणाला, मग मलाही कुणीतरी फसवलं असणार. कुणी, ते आठवत नव्हतं. तीन तास बसवला, पाणी पाजलं, गप्प बसून पाहिलं, खेकसून पाहिलं. हसतच राहिला. बनवणारा सापडल्याशिवाय हा सापडणार नव्हता.

इकडे सुभेदारांची उजवी दाढ तशीच होती. मुलीला मी सगळं समजावलं. त्या म्हणाल्या, "साहेब, एक टुकडा मशीनमध्ये तुटला म्हणून मी त्या बाईचा हात परत बाबांना लागू देऊ? जोपर्यंत कोण खोटं, ते साबित होत नाही, तोपर्यंत नाही." सुभेदार तोवर मुगाच्या खिचडीवर होते, तीही डावीकडूनच, भीतभीत. ज्या माणसानं सरहद्दीवर थंडीत टिक्कर, म्हणजे फौजेतले दगडासारखे जाड रोट, चावले असतील तो पोळीच्या तुकड्याला घाबरत होता. उरलेल्या दहा जणांचे स्क्रू मात्र डॉक्टरांनी, मी पाना परत केल्यावर, कंपनीकडून थेट मागवलेले लावून चार दिवसांत बदलले आणि जुने एकेक करून पुडीत घालून माझ्याकडे पाठवले.

खबर आणली हेडसाहेबांनी. सियागंजमध्ये अवजारं विकणारा त्यांचा एक जुना खबऱ्या होता. त्यानं सांगितलं, मागच्या गल्लीत एक वयस्क लेथवाले आहेत, घड्याळाचे, कॅमेऱ्याचे, कशाचेही बारीक भाग बनवतात. वर्षभरापासून त्यांच्याकडे एक जण येतो आणि छोटे पेंच, म्हणजे स्क्रू, बनवून नेतो. महूच्या फौजेच्या दुर्बिणींसाठी लागतात, असं ते दादा मोठ्या अभिमानानं सांगत असतात.

हे ऐकून मी हसलोच. महूत जन्म काढलेल्या माणसाला हे कुणी सांगावं! फौज आपल्या दुर्बिणीचा पेंच सियागंजच्या गल्लीत बनवून घेते म्हणे! फौजेत साधी बादली घ्यायची तरी तिला नंबर असतो, कागद असतो, तीन सह्या असतात.

हेडसाहेब म्हणाले, "उठा लेते हैं सर?"

मी नको म्हणालो. ठाण्यात आणलेला कारागीर आधी घाबरतो, मग नाकारतो, मग नाकारलेलंच खरं मानायला लागतो. दोन साध्या वेशातले शिपाई पाठवून मी दादांना सन्मानानं महाविद्यालयात बोलावलं. निरोप एवढाच, की एका बारीक कामाबद्दल तुमचं मत हवंय.

सत्तरीचे दादा धुतलेला शर्ट घालून आले. मराठीच होते, पण तीन पिढ्या इंदुरात मुरलेले. मी ओळख दिली, टीआय आहे म्हणून सांगितलं. ते जरा चपापले. मी त्यांना सूक्ष्मदर्शकापाशी नेलं. पुडीतला एक न वापरलेला आणि पाकिटातला खरा, असे दोन स्क्रू शेजारी शेजारी ठेवले होते.

"दादा, तुम्ही उस्ताद माणूस. यातला चांगला कोणता ते सांगा."

त्यांनी डोळा लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग डावीकडच्या स्क्रूकडे बोट दाखवलं.

"हा बघा साहेब. कोना बघा याचा, एकदम क्लीन. त्या दुसऱ्यात डोक्याच्या खाली गोलाई सुटलेली आहे. टूल घिसला असेल त्यांचा, बदलायची तकलीफ कुणी नाही घेतली. आजकाल कोण करतो साफ काम?"

"म्हणजे हा चांगला?"

"पूछने की बात है क्या?"

"कुणाचा हात असेल?"

दादा ओशाळून हसले. "आता आपल्या तोंडानं काय बोलू साहेब. माझाच आहे."

एवढ्या वर्षांत कबुलीजबाब मी पुष्कळ ऐकले. इतक्या आनंदानं दिलेला हा एकच. आणि तो ऐकून मला जराही आनंद झाला नाही.

प्रयोगशाळाप्रमुख हळूच म्हणाले, "दादा, ती गोलाई टूल घिसल्यामुळे नाही राहिली. ती जानबूझके ठेवलेली आहे. जोर त्या गोलाईवरून फिरून जातो. तुम्ही कोना साफ केला, आता सगळा जोर तिथंच येऊन अडकतो." आणि त्यांनी यंत्रात तुटलेला स्क्रू दाखवला.

दादांनी तो नखावर घेऊन पाहिला. "पण दुर्बिणीत एवढा जोर येतो कुठून?"

"दादा, दुर्बिणीत नाही," मी म्हणालो. "दाढेत. माणसाच्या."

त्यांचा हात आपोआप स्वतःच्या गालावर गेला.

"किसी को लगा क्या?"

"महूच्या एका सुभेदारांना. दाढ श्वासनळीत गेली. वाचले."

ते स्टुलावर बसले. मग म्हणाले, "मी फौजसाठी बनवत होतो साहेब. त्यानं मला तेच सांगितलं होतं." त्यांनी तुटका स्क्रू टेबलावर ठेवला. "मला कुणी सांगितलं असतं ना की हे माणसाच्या तोंडात जाणार आहे, तर मी त्या गोलाईला हात नसता लावला. पूछता तरी. कशाला ठेवली आहे म्हणून पूछता."

मी त्यांना पाणी दिलं. समोर बसलेला माणूस कायद्यानं आरोपी ठरू शकत होता, आणि त्याचा गुन्हा एवढाच होता की त्याला काम अर्धवट दिसलं तर सहन होत नव्हतं.

त्यानंतर सगळं भराभर उलगडलं. एजंटानं नमुन्यासाठी दिलेला खरा स्क्रू दादांनी जपून ठेवला होता, ज्या कागदात तो गुंडाळून दिला होता त्या कागदासकट. कागदावर एजंटाच्या हातची मापं होती. अक्षर तज्ज्ञाकडून तपासून घेतलं, दादांचा जबाब नोंदवला, आणि एजंटाला दुसऱ्यांदा समोर बसवून तो कागद टेबलावर ठेवला. या वेळी तो हसला नाही. पुड्या कुठं छापल्या, आणखी कोणत्या सात दवाखान्यांना माल दिला, सगळं बाहेर आलं. एकेका दवाखान्यानं आपले रुग्ण बोलावले. काही आठवड्यांत ते सगळे स्क्रू बदलून झाले. कुणालाही आणखी इजा झाली नाही, याचं समाधान मला आजही आहे.

दादांना आरोपी करायचं की साक्षीदार, यावर माझा वरिष्ठांशी वाद झाला. मी हटलो नाही. ते साक्षीदार झाले. प्रयोगशाळाप्रमुखांनी पुढं त्यांना चाचणीच्या पकडी बनवायचं काम दिलं. दादा आता प्रत्येक कामाआधी एवढे प्रश्न विचारतात की प्रमुखच वैतागतात, असं ऐकतो.

लोक विचारतात, या प्रकरणानं काय शिकवलं. मी सांगतो, प्रामाणिक माणसं दोन होती, डॉक्टर आणि दादा. दोघंही आपलं काम जीव ओतून करत होती, आणि त्यांच्यामध्ये एक खोटं बोलणारा उभा होता. त्यानं दोघांचा चांगुलपणा वापरून घेतला. आपण करतोय ती वस्तू शेवटी कुणाच्या अंगाला लागणार आहे, हे करणाऱ्याला कळलं पाहिजे. कुणी सांगितलं नाही तर त्यानं विचारलं पाहिजे. हे मला लेथवाल्यापेक्षा जास्त लागू होतं. मीही एका बाईचं आयुष्य हातात घेऊन कोपरे साफ करत सुटलो होतो.

आता सुभेदारांच्या उजव्या दाढेचं सांगतो. सगळं सिद्ध झाल्यावर त्यांची मुलगी ठाण्यात आली. मी तिला कागद दाखवले. तिनं ते दोनदा वाचले आणि म्हणाली, "साहेब, बाबांना घेऊन जाते त्यांच्याकडे. पण तुम्ही पण चला. मला एकटीला त्यांच्या दारात जायची हिंमत नाही होत."

तो स्क्रू पुरावा म्हणून जप्त करायचाच होता, म्हणून मी गेलो. दारात नवी काच बसली होती. डॉक्टरांनी सुभेदारांना नमस्कार केला, मुलीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बाबांची इच्छा असेल तर मी दुसऱ्या डॉक्टरांना चिठ्ठी देते. आता ते तयार होतील."

सुभेदार खुर्चीत जाऊन आडवे झाले आणि त्यांनी तोंड उघडलं.

दंतवैद्याच्या खुर्चीशेजारी उभं राहून पंचनामा लिहिणारा मी बहुधा पहिलाच टीआय असेन. जुना स्क्रू अखंड निघाला. सील केला, पंचांच्या सह्या झाल्या. डॉक्टरांनी कंपनीच्या पाकिटातला नवा स्क्रू बसवला, पाना लावला. ठरलेल्या जोरावर पाना सुटला तसा बारीक आवाज आला. सुभेदारांनी दात मिटले, उघडले, पुन्हा मिटले, आणि उठून बसले.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं, बाबा."

आम्ही निघणार, तेवढ्यात मुलगी थांबली. तिची नजर जमिनीवर होती. "मॅडम, मी तुम्हाला त्या दिवशी सगळ्यांसमोर काय-काय बोलले..." माफी मागायची होती, पण जमत नव्हती. मग तिनं पर्स बापाच्या हातात दिली, जाऊन त्याच खुर्चीत बसली आणि गालावर बोट ठेवून म्हणाली, "माझी पण इथली एक दाढ दुखते कधीपासून. बघता का जरा?"

डॉक्टरांनी हात धुतले आणि दिवा तिच्या तोंडाकडे वळवला.